खुब्याचा अस्थिभंग : रक्तचाचण्या व जगण्याचा अंदाज

मांडीच्या हाडाचा खुब्याजवळील भाग मोडल्यावर वृद्ध रुग्ण किती काळ जगेल, याचा रक्ततपासणीवरून बांधलेला अंदाज. ठिसूळ हाडांमुळे मोरीत पाय घसरण्याएवढे निमित्तही खुबा मोडायला पुरते. वर्षभरात साधारण पाचांपैकी एक ते तीनांपैकी एक रुग्ण दगावतो. बहुधा न्यूमोनिया, हृदयविकार वा जंतुसंसर्गाने.

हा अंदाज बांधताना अल्ब्युमीन या रक्तातील प्रथिनाचे प्रमाण ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असणे व लसिका पेशी घटणे ही कुपोषणाची लक्षणे मानतात. कमी हीमोग्लोबिन रक्तक्षय किंवा रक्तस्राव दर्शवते. क्रिएटिनीन वाढल्यास मूत्रपिंडाच्या कार्याबद्दल शंका येते. न्यूट्रोफिल व लसिका पेशींचे वाढलेले गुणोत्तर दाह व शरीरावरील ताण सुचवते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम गुणांकात (२००८) वय, लिंग, स्मृती, सहव्याधी, कर्करोग व वृद्धाश्रमातील वास्तव्य यांच्या जोडीला हीमोग्लोबिन ही एकच रक्तचाचणी आहे. त्यावरून ३० दिवसांतील मृत्यूचा धोका काढतात.

येलदरीसारख्या (ता. जिंतूर, जि. परभणी) खेड्यांतील रुग्णांसाठी या स्वस्त चाचण्या उपयुक्त ठरतात. मात्र अंदाज समूहाचा असतो, एका रुग्णाचे भाकीत नव्हे. त्यामुळे आकडे वाईट आले म्हणून शस्त्रक्रिया टाळत नाहीत. शक्यतो ४८ तासांच्या आत ती उरकून आहार व रक्तक्षय सुधारतात.