पक्की मांड

आधी पायताण बाहेर काढा. आतली पांढरी बिछायत आत्ताच झटकली आहे आणि तुमच्या तळव्यांना गंगेची वाळू चिकटलेली आहे. तुम्ही पुरुष असाल, तर आजच्या दिवसापुरतं लुगडं नेसावं लागेल, त्याला इलाज नाही. या कनातीच्या आत पुरुषाला पाऊल टाकता येत नाही. कारभारी असो की कंपनीचा कप्तान, त्यानं पडद्याबाहेर बसायचं आणि आतून येणारा आवाज कान देऊन ऐकायचा.

साल 1835, एप्रिल महिना. गाव फत्तेगड, फर्रुखाबादेला लागून. ऊन असं आहे की डोळे आपोआप बारीक होतात. तुमच्यासमोर कापडाचं एक गावच पसरलं आहे: डेरे, राहुट्या, शामियाने, ताणलेले दोर. त्या दोरांत पाय अडकून तुम्ही एकदा पडणार आहात, तेवढं सांभाळा. उंटाचा ओरडा कानाजवळच होतो. घोड्यांच्या लिदीचा, तंबाखूचा आणि तापलेल्या कापडाचा वास एकात एक मिसळला आहे. खाली नदीच्या वाळूत खरबुजांचे मळे आहेत. तिथून पोरं डोक्यावर पाट्या घेऊन वर चढतात आणि तो गोड, किंचित आंबूस वास क्षणभर बाकी सगळ्यावर मात करतो.

आणि मग कानावर मराठी पडतं. चहूकडे हिंदुस्थानी बोली, आणि मध्येच कुणीतरी खास कोल्हापुरी ठेक्यात ओरडतं, ‘अगं, घागर उतर की आधी!’ तुम्ही दचकता. दचकू नका. या छावणीची मालकीण कागलची आहे.

आत या. उन्हातून आल्यामुळे पहिल्यांदा काहीच दिसत नाही. वाळ्याच्या ताटीवर भिस्ती मघाशीच पाणी मारून गेला आहे, त्यामुळे गारवा आधी नाकाला कळतो, मग अंगाला. हळूहळू लुगड्यांचे रंग दिसू लागतात. कितीतरी बायका, सगळ्या उभ्या. गादीवर बसलेल्या फक्त दोघी: एक तरुण, तिचं नाव गजराजा, आणि तिच्या शेजारी तिची आजी.

आजीकडे नीट बघा. पन्नाशी उलटलेली, केस पिकलेले, अंगानं भरलेली, हातपाय मात्र लहान आणि नाजूक. अंगावर साधं लाल रेशीम. विधवा आहे, म्हणून दागिना नाही. मनगटात सोन्याच्या दोन बारीक बांगड्या, बस्स. पायाशी, गादीवरच, शिंद्यांची तलवार ठेवलेली आहे. या बायजाबाई शिंदे. दौलतराव शिंद्यांच्या मागे सहा वर्षं ग्वाल्हेरचा कारभार यांनी चालवला. दोन वर्षांपूर्वी ग्वाल्हेर हातचं गेलं. ज्याला स्वतः दत्तक घेतलं, तोच आता तिथे गादीवर आहे. तलवार मात्र इथे आहे, आणि या बायका अजून उभ्याच आहेत.

तुम्ही पुण्याचे असाल तर एवढ्यात हात जोडायला कचराल, मला कळतं. बाईसाहेबांचे वडील म्हणजे सर्जेराव घाटगे. 1798 साली या लेकीचं लग्न पुण्यात झालं, तेव्हा पैशासाठी सर्जेरावांनी पुणेकरांचा जो छळ मांडला, तो तिथल्या घराघराला आठवतो. मीही तो विसरायला सांगणार नाही. पण बापाच्या हिशेबात लेकीला मोजू नका. तिचा हिशेब वेगळा आहे, आणि तो अगदी शब्दशः हिशेबच आहे.

ऐका. पडद्यापलीकडे मुनीम चोपडी वाचतो आहे. रकमा, मित्या, व्याज. बाईसाहेबांच्या पेढ्या आहेत, त्यांच्या हुंडीला सावकारात मान आहे. एका गावी चिठ्ठी लिहावी आणि दूरच्या दुसऱ्या गावी तिच्यावर रोकड मिळावी, हे ज्याच्या नावावर चालतं, त्याला राज्य गेल्यावरही लोक विचारतात. नवऱ्याच्या हयातीतच ही बाई कारभारात लक्ष घालत होती. मुनीम एका रकमेशी अडखळतो. आत कुणी काही बोलत नाही, पंख्याची दोरी तेवढी करकरते. मुनीम घसा खाकरून ती ओळ पुन्हा वाचतो. तुमच्याही पाठीतून घाम ओघळतो, आणि तो नुसत्या उन्हाचा नाही.

बाहेर गडबड उडते. मडम आली! फॅनी पार्क्स तिचं नाव. नवरा अलाहाबादेला कंपनीच्या जकातीवर नोकरीला, आणि ही नावेतून थेट आग्र्यापर्यंत जाऊन आलेली, हिंदुस्थानी बोलणारी, सगळं वहीत टिपून ठेवणारी. तुम्ही आज हे सगळं बघता आहात ते तिच्या त्या टिपणांमुळे. तिला थोडी जागा द्या.

बोलता बोलता विषय घोड्यांवर येतो, आणि डेऱ्यात एकदम जीव येतो. शिंद्यांच्या घरच्या बायकांना घोडा नवा नाही. गजराजा तर नामांकित स्वार आहे, आणि बाईसाहेब स्वतः तरुणपणी भाला घेऊन रणात घोड्यावर होत्या, ही आठवण इथे अभिमानानं सांगितली जाते. मडमेचं खोगीर बघायला सगळ्या लोटतात. दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायचं? वाकडं? हसण्याची लाटच उठते. तुम्हीही हसता, कारण तुमच्या शेजारची बाई तुम्हाला कोपर मारून हसते आहे. असं बसून घोडा उधळला तर काय करायचं? मग मडमेला लुगडं नेसवलं जातं. काष्टा कसून घातला की दोन्ही पाय मोकळे. ती घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसते, आणि तिचा चेहरा बदलतो. मांड म्हणजे काय, ते तिला आत्ता कळलं.

धुळीचा लोट उठतो, खाली बसतो. तुमच्या ओठांवर माती, दातांखाली कचकच. कुणी खरबुजाची फोड हातात देतं, रस कोपरापर्यंत ओघळतो.

संध्याकाळी गप्पा निवांत होतात. विधवेच्या वाट्याला काय येतं ते बाईसाहेब सांगतात. मडम आपल्या देशाचं सांगते. तिच्या विलायतेत लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याची होते, कायदा तिला वेगळी धरतच नाही. डेऱ्यात शांतता पसरते. अर्ध्या जगावर हुकूम चालवणाऱ्यांच्या घरची ही बाई, आणि हिचं स्वतःचं असं काही नाही? समोर बसलेल्या विधवेचं राज्य गेलं आहे, पण पेढीवर तिचं नाव आहे, आणि बनारसेत ठेवलेल्या आपल्या पैशासाठी ती कंपनीशी स्वतःच्या नावानं भांडते आहे. आज दिवसभर तुम्ही जे पाहिलंत, त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. सत्ता म्हणजे नुसतं सिंहासन असतं, तर हा डेरा केव्हाच रिकामा झाला असता.

निरोपाची वेळ झाली. अत्तर लावतील, तळहात पुढे करा. गुलाबपाण्याचे थेंब मानेवर पडतात, विडा गालात जातो. बाहेर मशाली पेटल्या आहेत, तेलाचा धूर डोळ्यांना झोंबतो आहे.

या छावणीला इथे फार दिवस राहू देणार नाहीत. पुढे वर्षानुवर्षं बाईसाहेबांचा मुक्काम नाशिकला असेल, आणि 1863 साली त्या ग्वाल्हेरातच डोळे मिटतील. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप दिसतो, तो त्यांनी राज्य हाती असताना 1828 साली बांधवला. पंढरपूरला महाद्वार घाटापाशी द्वारकाधीशाचं मंदिर आहे. पुढच्या वारीला तिथे जरूर थांबा. राज्य जाऊन सोळा वर्षं झाल्यावर, 1849 साली, ते बायजाबाईंनी बांधलं.