खरे ब्रह्मकमळ कोणते?

ब्रह्मकमळ हे हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर, खडकाळ उतारांवर उगवणारे रानफूल आहे. त्याचे शास्त्रीय नाव सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा. केदारनाथ, बद्रीनाथ, हेमकुंड या परिसरात ते जुलै ते सप्टेंबरमध्ये फुलते. उत्तराखंडचे हे राज्यपुष्प.

इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, आपल्या घरी कुंडीत वाढणारे आणि रात्री उमलून सकाळी मिटणारे ‘ब्रह्मकमळ’ मात्र निराळे आहे. तो मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेला निवडुंग, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. नाव एकच असले तरी दोघांचे कूळही एक नाही.

वर्गीकरण

कूळ: अ‍ॅस्टरेसी (सूर्यफूल कूळ)
उपकूळ: कार्डुऑइडी
गट: कार्डुई
प्रजाती: सॉस्युरिया
जाती: ऑब्व्हॅलाटा

शेवंती, झेंडू आणि सह्याद्रीतली सोनकी ही याच कुळातली फुले. कार्डुई गटात आपल्या ओळखीची करडई आणि उंटकटारा येतात. म्हणजे ब्रह्मकमळाचे जवळचे नाते कमळाशी नसून करडईशी आहे.

ओळख

सूर्यफूल कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. ब्रह्मकमळात असे जांभळट गुच्छ देठाच्या टोकाशी दाटीने येतात. त्यांच्याभोवती दिसणाऱ्या फिकट पिवळसर, कागदासारख्या ‘पाकळ्या’ खरे तर पाने आहेत. थंडी-पावसात ती आतल्या फुलांना आडोसा देतात. ऑब्व्हॅलाटा या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘तटबंदीने वेढलेली’ असाच आहे.

निवडुंगाच्या फुलात मात्र पांढऱ्या पाकळ्या खऱ्याच असतात. ज्याला आपण त्याचे पान म्हणतो ते चपटे खोड असते, म्हणूनच त्याचा तुकडा लावला की नवे झाड येते.

नावाचा इतिहास

योगायोग असा, की दोन्ही वनस्पतींना पहिले शास्त्रीय नाव जिनिव्हाच्या एकाच वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. ऑग्युस्तँ पिराम द कांडोल यांनी १८२८ मध्ये निवडुंगाला सेरियस ऑक्सिपेटॅलस आणि १८३८ मध्ये हिमालयातल्या फुलाला अ‍ॅप्लोटॅक्सिस ऑब्व्हॅलाटा म्हटले. पुढे दोघांच्याही प्रजाती बदलल्या. निवडुंगाला हॉवर्थ यांनी १८२९ मध्ये एपिफायलममध्ये नेले, तर बंगाल सनदी सेवेतले अधिकारी एजवर्थ यांनी १८४६ मध्ये ब्रह्मकमळाला सॉस्युरियात आणले. ही प्रजातीही द कांडोल यांनीच १८१० मध्ये स्थापली होती. जिनिव्हाच्याच सोस्यूर पितापुत्रांवरून तिचे नाव पडले.

हा फरक का जपावा?

घरचा निवडुंग तुकड्यातुकड्याने कितीही वाढवता येतो. डोंगरावरच्या ब्रह्मकमळाचे तसे नाही. बी पिकण्याआधीच फूल खुडले, की त्या झाडाचे त्या वर्षीचे बी गेले. देवाला वाहण्यासाठी आणि औषधासाठी होणाऱ्या तोडणीने ते अनेक ठिकाणी विरळ झाले आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे चारधामला जातात. तिथे हे फूल तोडू नये, विकतही घेऊ नये, अशी आमची विनंती आहे.

घरी फूल उमलले की आपण त्याची पूजा करतो, शेजाऱ्यांना बोलावतो. ती प्रथा चालू राहावीच. मुलांना मात्र दोन्ही फुलांची खरी नावे जरूर सांगावीत.