वनस्पतींतील हायड्रोजन सल्फाइड : विषारी वायूची संदेशवाहक भूमिका

हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास असलेला, रंगहीन व अत्यंत विषारी वायू आहे. गटारे, मैलाटाक्या व दलदलीत गंधकयुक्त पदार्थ कुजताना तो तयार होतो. हाच वायू वनस्पतींच्या पेशींतही अत्यल्प प्रमाणात निर्माण होतो आणि पाण्याची टंचाई, जमिनीतील क्षार व जड धातू यांचा ताण सोसण्यास वनस्पतींना साहाय्य करतो, असे गेल्या काही दशकांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यानंतरचा तिसरा वायुरूप संदेशवाहक रेणू म्हणून त्याची गणना होते.

शोधाचा मागोवा

या विषयातील दोन महत्त्वाची निरीक्षणे १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. काकडी, भोपळा, मका, सोयाबीन व कापूस यांची पाने प्रकाशात हा वायू बाहेर सोडू शकतात, असे विल्सन, ब्रेसन आणि फिल्नर या संशोधकांना आढळले. त्याच वर्षी थॉम्पसन आणि कॅट्स यांनी निरनिराळ्या पिकांना हा वायू सतत दिला. हवेच्या दहा लाख भागांत तीन भाग वायू असताना पाने करपली, गळाली व वाढ खुंटली. हे प्रमाण ०.०३ भागांपर्यंत, म्हणजे शंभरपटीने कमी केल्यावर मात्र लेट्यूस, शुगर बीट व लसूणघास यांची वाढ उलट सुधारली.

प्राण्यांच्या मेंदूत हा वायू संदेशवहनाचे काम करत असावा, असे आबे व किमुरा यांनी १९९६ मध्ये मांडले. त्यानंतर वनस्पतींमधील त्याच्या कार्याकडेही नव्याने लक्ष वेधले गेले.

निर्मिती व कार्यपद्धती

वनस्पती मुळांवाटे सल्फेटच्या रूपात गंधक घेतात. हरितलवकात त्याचे रूपांतर सल्फाइडमध्ये होते आणि त्यापासून सिस्टीन हे अमिनो आम्ल तयार होते. हरितलवकातील माध्यम प्रकाशात अल्कधर्मी असल्याने तेथील बहुतांश सल्फाइड विद्युतभारित राहते व पटलातून सहज बाहेर पडत नाही. त्यामुळे संदेशवहनासाठी पेशीद्रवातील स्वतंत्र निर्मिती महत्त्वाची ठरते. तेथे ‘डीईएस१’ हे एन्झाइम सिस्टीनचे विघटन करून हायड्रोजन सल्फाइड मुक्त करते.

हा वायू प्रथिनांतील सिस्टीनच्या गंधकाला गंधकाचा आणखी एक अणू जोडण्याच्या प्रक्रियेस कारणीभूत ठरतो. या प्रक्रियेस ‘परसल्फिडेशन’ म्हणतात. त्यामुळे प्रथिनाचे कार्य वाढते, मंदावते किंवा बदलते.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण पर्णरंध्रांचे आहे. पाणी कमी पडू लागले की वनस्पतीत ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींत त्यामुळे हायड्रोजन सल्फाइडची निर्मिती होते, रंध्रे मिटतात आणि बाष्पाच्या रूपाने होणारा पाण्याचा ऱ्हास कमी होतो. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत ‘डीईएस१’चे जनुक निकामी केले असता संप्रेरक देऊनही रंध्रे नीट मिटली नाहीत. बाहेरून हायड्रोजन सल्फाइड मिळताच ती मिटली.

शेतीतील शक्यता

प्रयोगांत सोडियम हायड्रोसल्फाइडसारख्या संयुगांची अल्प मात्रा वापरली जाते. तांब्याच्या विषारी प्रमाणातही गव्हाचे बी अधिक चांगले उगवणे, काढणीनंतर स्ट्रॉबेरी अधिक काळ टिकणे, असे परिणाम त्यांतून दिसले आहेत. तथापि यातील बहुतेक प्रयोग नियंत्रित वातावरणातील आहेत. उपकारक व अपायकारक मात्रा पीक, अवस्था व मातीनुसार बदलत असल्याने शेतातील सरसकट वापराला अद्याप आधार नाही.

भातशेतीतील धोका

मात्रा सुटली की काय होते, याचे उदाहरण पाणी साचलेल्या भातखाचरात दिसते. प्राणवायू संपलेल्या मातीत काही जिवाणू सल्फेटपासून हा वायू तयार करतात. मातीत पुरेसे लोह असल्यास तो लोह सल्फाइडच्या रूपात बांधला जातो. लोह कमी असल्यास मात्र मुळांचे श्वसन बाधित होते, ती काळी पडतात आणि अन्नद्रव्यांचे शोषण घटते. जपानमध्ये अशा विकाराला ‘अकिओची’ असे नाव आहे. मध्यंतरी खाचरातील पाणी काढून टाकल्यास मातीत प्राणवायू शिरतो व हा धोका कमी होतो.

सावधगिरी

हा वायू पेशींच्या श्वसनातील सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइमला रोखतो. हवेत दहा लाख भागांत शंभर भाग एवढे प्रमाण जिवाला तात्काळ धोकादायक मानले जाते. या पातळीला घ्राणेंद्रिय बधिर होत असल्याने वास येईनासा होणे हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. भूमिगत गटारे व मैलाटाक्यांत उतरणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंमागे हा वायू हे एक प्रमुख कारण असते. त्यामुळे सल्फाइड संयुगांचे घरगुती किंवा शेतावरील प्रयोग टाळणे आवश्यक आहे. वनस्पतीत संदेश ठरणारा हा रेणू पेशीच्या काटेकोर नियंत्रणाखाली तयार होतो. बाहेरून देताना ते नियंत्रण राहत नाही.