हस्तिदंतापासून कार्बनच्या विणीपर्यंत : नकलेच्या पदार्थांचा इतिहास

मोटारीच्या सजावटीचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात आज काळ्या रंगाची, तिरप्या विणीची एक चकचकीत फिल्म मिळते. ती 'कार्बन फायबर'ची म्हणून विकली जाते. अनेक हौशी मंडळी ती घरच्या घरी डॅशबोर्डच्या पट्ट्यांवर, दारांच्या मुठींवर किंवा आरशांच्या पाठीवर चिकटवतात. वास्तविक तिच्यात कार्बनचा एकही तंतू नसतो. ती असते पीव्हीसी प्लास्टिकची, आणि वीण असते केवळ छापलेली किंवा उठवलेली.

एका मौल्यवान पदार्थाचे रूप दुसऱ्या स्वस्त पदार्थाला देण्याची ही युक्ती नवी नाही. सांगली जिल्ह्यातील मिरजेत ती गेली अनेक दशके सतारी आणि तंबोऱ्यांवर रोज वापरली जाते. मूळ पदार्थ आणि त्याची नक्कल यांचे नाते समजून घ्यायचे तर मिरजेहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

तलवारीकडून तंबोऱ्याकडे

मिरजेतील वाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जाते. ती सुरू करणारे कारागीर शिकलगार समाजातील होते. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे व झिलई देणे हा शिकलगारांचा मूळ व्यवसाय. इंग्रजी अंमल स्थिरावला आणि बंदुकांचा जमाना आला, तशी या कामाला मागणी उरली नाही. त्याच काळात मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गावात गवई येत होते आणि त्यांची वाद्ये दुरुस्त करणारे कोणी जवळपास नव्हते. फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम हाती घेतले आणि दुरुस्ती करता करता ते नवी वाद्ये घडवू लागले, असे मिरजेत सांगितले जाते. या घराण्यांचे आडनावच पुढे 'सतारमेकर' झाले.

मिरजेला जाणकार गिऱ्हाईकही लाभले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेतच तालीम घेतली. उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले आणि १९३७ साली निधन पावल्यावर मिरजेच्याच दर्ग्यात विसावले. सुराच्या बाबतीत अत्यंत काटेकोर अशा या गवयांच्या कानांनी कारागिरांचे हात घडवले.

वाद्याचा कच्चा माल मात्र अगदी साधा. पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारा मोठा कडू भोपळा, तून किंवा सागाचे लाकूड, तारा आणि घोडीसाठी हाड किंवा शिंग. यांतून वाद्य उभे राहते. त्यानंतर येते सजावट : भोपळ्याच्या व दांडीच्या कडेने पांढऱ्या पट्ट्या, त्यांवर वेलबुट्टी, आणि सगळ्यावर चपड्याचे पॉलिश. या पांढऱ्या पट्ट्या उंची वाद्यांवर एकेकाळी हस्तिदंताच्या असत. पुढे त्या सेल्युलॉइडच्या झाल्या आणि आता बहुधा इतर प्लास्टिकच्या असतात. हा बदल का व कसा झाला, हे पाहण्यासाठी थोडे मिरजेबाहेर जावे लागेल.

बिलियर्डचा चेंडू आणि कापूर

एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताला जगभर प्रचंड मागणी होती. पियानोच्या पट्ट्या, चाकूंच्या मुठी, कंगवे, आणि विशेषतः बिलियर्डचे चेंडू. एका सुळ्यातून चांगले चेंडू थोडेच निघत, कारण चेंडूचा मध्य सुळ्याच्या मध्यावर यावा लागे. तसे झाले नाही तर चेंडू सरळ घरंगळत नसे. हत्ती कमी होत गेले, भाव वाढत गेले आणि पर्यायाचा शोध सुरू झाला.

१८४६ साली क्रिश्चन शोनबाइन या शास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार केले होते. हा पदार्थ स्फोटक होता, पण कमी प्रमाणात नायट्रेट केल्यास तो विरघळवून त्याचा पापुद्रा बनवता येई. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पार्क्स याने त्यापासून केलेल्या वस्तू १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मांडल्या. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट व त्याचा भाऊ आयझाया यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून उष्णता व दाब दिला आणि १८७० साली त्याचे पेटंट घेतले. हेच सेल्युलॉइड. कापराचे रेणू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात, त्यामुळे त्या एकमेकींवरून सरकू शकतात आणि ठिसूळ पदार्थ लवचीक होतो. आपल्या देवघरातील कापूर असा पहिल्या यशस्वी प्लास्टिकचा अविभाज्य घटक ठरला.

सेल्युलॉइड बिलियर्डच्या टेबलावर फारसे टिकले नाही. हस्तिदंताचा भरीवपणा आणि उसळी त्याला साधली नाही. पण दिसण्याच्या बाबतीत त्याने कमाल केली. फिक्या व किंचित गडद पिवळसर रंगांचे पातळ थर एकावर एक दाबून, त्यांचे आडवे काप काढले की हस्तिदंतासारख्या बारीक रेघा दिसत. कंगवे, डब्या, चाकूंच्या मुठी यांत ही नक्कल सर्रास खपू लागली.

खऱ्या सुळ्याचा आडवा छेद मात्र वेगळा असतो. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांचे जाळे दिसते. त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. हत्तीच्या सुळ्यात बाहेरच्या भागातील या रेषांचे कोन मोठे, म्हणजे साधारण ११५ अंशांहून अधिक असतात, तर मॅमथच्या सुळ्यात ते ९० अंशांहून कमी भरतात. आजही जप्त केलेला माल ओळखताना तज्ज्ञ हे कोन मोजतात. सेल्युलॉइडमधील रेघा समांतर असतात; जाळे काही त्यात उतरले नाही.

सेल्युलॉइडमध्ये एक दोष जन्मजात होता. ते झटकन पेट घेते आणि जुने झाले की आपोआप विघटन पावू लागते. चित्रपटांच्या जुन्या फिती याच पदार्थाच्या असत. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत अशा जुन्या फितींचा मोठा साठा जळाला आणि मूकपटांच्या व प्रभातच्या काळातील अमोल ठेवा नष्ट झाला. टेबल टेनिसचे चेंडूही दीर्घकाळ सेल्युलॉइडचेच असत. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये त्यांची जागा दुसऱ्या प्लास्टिकने घेतली.

कारागिराच्या हातातील रसायनशास्त्र

सतारीवर पांढरी पट्टी बसवण्याची रीत थोडक्यात अशी. पट्टी कापून गरम करतात. उष्णतेने ती मऊ होते आणि भोपळ्याच्या गोलाईवर वळवता येते. थंड झाली की तोच आकार धरून राहते. मग ती चिकटवून, कानशीने घासून लाकडाच्या पातळीत आणतात. अणकुचीदार हत्याराने तीवर वेलबुट्टी कोरतात आणि कोरलेल्या रेघांत काळा किंवा तांबडा रंग भरतात. वरचा जादा रंग घासून काढला की रेघांतला तेवढा शिल्लक राहतो. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे अनेक पातळ हात कापडाच्या बोळ्याने देतात. चपडा म्हणजे पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्याने स्रवलेली राळ. स्पिरिट उडून जाते आणि राळेचा पारदर्शक पापुद्रा मागे राहतो.

मोटारीवर फिल्म लावण्याची रीत याच्याशी ताडून पाहिली तर साम्य लगेच ध्यानात येते. प्रथम पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने व नंतर स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढतात, कारण चिकटद्रव्य आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये मेणाचा किंवा तेलाचा सूक्ष्म थर राहिला तर पकड बसत नाही. मग फिल्म गरम हवेने मऊ करून वळणावर ताणतात, मधून बाहेरच्या दिशेने दाबत हवेचे बुडबुडे काढतात, आणि शेवटी कडांना पुन्हा एकदा चांगली उष्णता देतात. हा शेवटचा टप्पा महत्त्वाचा. ताणलेल्या प्लास्टिकच्या रेणुसाखळ्या मूळ स्थितीत परतू पाहतात. पुरेशी उष्णता मिळाली की त्यांतील ताण निघून जातो. नाही मिळाली तर काही दिवसांतच कडा सुटू लागतात. उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा गुणधर्म दोन्हीकडे एकच.

एक इशारा मात्र द्यायला हवा. ज्या भागाखाली एअरबॅग आहे तेथे अशी फिल्म लावू नये. अपघाताच्या वेळी ते आवरण ठरलेल्या जागी फाटावे अशी त्याची रचना असते, आणि वरून चिकटवलेला चिवट थर तिला अडथळा ठरू शकतो.

मूळ कार्बन कसा आहे?

आता या नकलेमागचा मूळ पदार्थ पाहू. एडिसनने १८७९ साली दिव्यासाठी जाळून कोळसा केलेला दोरा वापरला, पुढे बांबूचे तंतू वापरले. कार्बनचे तंतू तेव्हापासून माहीत होते, पण ते ठिसूळ होते. १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन यांनी अतिशय मजबूत कार्बन तंतू प्रयोगशाळेत मिळवले. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी पॉलिअॅक्रिलोनायट्राइलच्या धाग्यापासून, म्हणजे कृत्रिम लोकरीच्याच भाऊबंद पदार्थापासून, ते बनवण्याचा मार्ग दाखवला. इंग्लंडमधील फार्नबरोच्या संशोधकांनी तो पुढे नेला. धागा ताणलेल्या स्थितीत तापवल्यास कार्बनच्या अणूंचे पापुद्रे तंतूच्या लांबीच्या दिशेने रचले जातात, हे त्यातील मर्म. तयार तंतूची जाडी सुमारे ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकी. घनता पोलादाच्या पावपटीहून कमी.

१९८१ साली मॅक्लारेन संघाने शर्यतीच्या मोटारीचा संपूर्ण सांगाडा या पदार्थाचा केला. आपल्या 'तेजस' विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा आहे. वेग, विमान, शर्यत यांच्याशी नाव जोडले गेले आणि कार्बनची वीण प्रतिष्ठेचे चिन्ह बनली. एकेकाळी हस्तिदंताच्या जाळीचे जे झाले, तेच येथे घडले.

ही वीण आपल्याला अपरिचित नाही. दोन उभे धागे वर, दोन खाली, आणि पुढच्या ओळीत एक धागा सरकून : ही ट्विलची वीण. शाळेच्या गणवेशाचे ड्रिल आणि जीन्सचे कापड याच कुळातील, आणि विटा किंवा इचलकरंजीचा विणकर ती क्षणात ओळखेल. खऱ्या कार्बनच्या कापडात उभ्या व आडव्या तंतूंवरून प्रकाश वेगवेगळ्या दिशांना परावर्तित होतो. म्हणून पाहण्याचा कोन बदलला की काळे चौकोन उजळतात आणि उजळ चौकोन काळे पडतात. साध्या छापील फिल्ममध्ये असे होत नाही. उठावदार फिल्म सूक्ष्म खाचांनी हा परिणाम काही अंशी साधते.

कातडे आणि कार्य

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नक्कल म्हणजे फसवणूक का?

तंबोऱ्याच्या कडेची पांढरी पट्टी केवळ शोभेची आहे. ती हस्तिदंताची असो वा प्लास्टिकची, सुरात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. घोडीचे मात्र तसे नाही. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार जेथे छेडावी, तेथे ज्या स्वरांशांचा निस्पंद बिंदू असतो ते स्वरांश नियमानुसार उमटू नयेत. पण तंबोऱ्यात ते ऐकू येतात, असे त्यांना आढळले. घोडीची रुंद, किंचित वक्र पाठ आणि तिच्यावर सतत घासणारी तार यांचा हा परिणाम. कारागीर याच पाठीला घासून घासून 'जवारी' काढतो. म्हणून घोडीचा पदार्थ बदलणे पट्टी बदलण्याइतके सोपे नव्हते. सांबरशिंगाचा वापर कायद्याने थांबल्यावर उंटाचे हाड, शिसवीसारखी कठीण लाकडे व कृत्रिम पदार्थ वापरून पाहिले गेले. त्यांपैकी काय स्वीकारायचे, हे डोळ्याने नव्हे, कानाने ठरले.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचाही. तंबोऱ्यावरची पांढरी नक्षी आज हत्ती न मारता टिकून आहे, ती केवळ नकलेमुळे. ही नकलेची जमेची बाजू.

दुसरी बाजूही आहे. १९८० च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक तंबोरे प्रचारात आले. त्यांनी तंबोऱ्याच्या रूपाची नक्कल केली नाही. ती केली स्वराची, म्हणजे प्रत्यक्ष कार्याची. आता मोबाइलवरही तंबोरा वाजतो. प्लास्टिकच्या पट्टीने मिरजेच्या कारागिराचे काम चालू ठेवले; या यंत्राने मात्र त्याची काही गिऱ्हाइके नेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण मिळाले, पण जवारी काढणारा हात आणि ती पारखणारा कान तयार होण्यास वर्षे लागतात. ते काम मानांकनाने होत नाही.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना घरातील नकलेच्या वस्तूंची यादी करायला सांगावी : लाकडासारखे दिसणारे सनमायका, संगमरवरासारखी फरशी, चामड्यासारखे रेक्झिन, सोन्यासारखे दागिने. प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची. मूळ पदार्थ कोणता? नक्कल का करावी लागली? मुळाचे कोणते काम नकलेला जमत नाही? दोन रंगांच्या कागदी पट्ट्यांनी 'दोन वर, दोन खाली' अशी वीण विणून घेतली तर तिरपी रेघ कशी तयार होते, हेही हाताला कळेल. मात्र पदार्थ ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा जुना उपाय कोणालाही करू देऊ नये. वस्तू सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेईल. त्याऐवजी अंगठ्याने जोराने घासून वास घ्यावा. कापराचा वास आला, तर हायट बंधूंची युक्ती आपल्या हातात आहे असे खुशाल समजावे.