दलाई लामांच्या तीन मोटारी

तिबेटचे धर्मगुरू दलाई लामा आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. पण ल्हासाच्या राजवाड्यात एकेकाळी तीन मोटारगाड्या होत्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. त्या गाड्यांची कथा ऐकताना हसू येतं. मात्र शेवटाकडे येईपर्यंत माणूस विचारात पडतो.

या गाड्या मूळच्या तेराव्या दलाई लामांच्या. त्यांचं नाव थुब्तेन ग्यात्सो (१८७६–१९३३). १९१० साली चिनी फौज ल्हासात शिरली तेव्हा ते हिंदुस्थानात आश्रयाला आले आणि दोन वर्षांहून अधिक काळ दार्जिलिंग-कालिम्पाँगकडे राहिले. जग किती पुढे गेलंय हे त्यांनी इथे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. १९१३ साली ते ल्हासाला परतले. त्याच वर्षी त्यांनी चार तिबेटी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. १९२२ साली तारायंत्राची लाइन ल्हासापर्यंत गेली. १९२३ साली ग्यांत्से गावी इंग्रजी शाळा निघाली. आणि पुढे आल्या मोटारी: दोन १९२७ सालच्या बेबी ऑस्टिन आणि एक १९३१ सालची दणकट डॉज.

आता तुम्ही विचाराल, गाड्या तिथवर नेल्या कशा? कारण तिबेटात मोटारीचा रस्ताच नव्हता! मधे हिमालय उभा, खिंडी चौदा-चौदा हजार फुटांवरच्या. तेव्हा गाड्या चक्क खोलल्या. सुटे भाग हमालांच्या पाठीवर आणि खेचरांवर लादून डोंगरापलीकडे नेले आणि ल्हासात पुन्हा जोडले. एवढा खटाटोप करून त्या धावायच्या किती, तर ल्हासा शहरात आणि आसपास. पुढे वाटच नव्हती.

नव्या गोष्टींना विरोधही मोठा होता. परंपरावादी मठांना बदल नको होता. ग्यांत्सेची शाळा तीनच वर्षांत, १९२६ साली बंद पडली. सुधारणा अर्धवट राहिल्या. १९३२ साली तेराव्या दलाई लामांनी आपल्या लोकांना लेखी इशारा दिला की, वेळीच सावध झालो नाही तर आपला धर्म आणि आपलं राज्य दोन्ही जातील. पुढच्याच वर्षी ते वारले आणि गाड्या गंज खात पडल्या.

चौदावे दलाई लामा १९३५ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मले आणि १९४० साली गादीवर बसले. पोराला यंत्रांचं भारी वेड. घड्याळ दिसलं की खोल, पुन्हा जोड. नोरबुलिंगका या उन्हाळी राजवाड्यात त्याला या गाड्या सापडल्या. भारतात ड्रायव्हिंग शिकून आलेल्या एका तिबेटी तरुणाने आधी डॉज चालू केली. मग एका ऑस्टिनचे पार्ट दुसरीला लावून ती ऑस्टिनही उठवली. हाताखाली मदतीला कोण? तर खुद्द दलाई लामा!

एकदा ड्रायव्हर नसताना त्यांनी ऑस्टिन बाहेर काढली आणि बागेत फेरी मारायला निघाले. बागेत झाडंच झाडं. व्हायचं तेच झालं, गाडी झाडावर आदळून पुढच्या दिव्याची काच फुटली. आता ड्रायव्हरला काय सांगायचं? त्यांनी दुसरी काच बसवली, पण जुनी काच रंगाची होती. मग साखरेचा पाक फासून रंग जुळवला! हा किस्सा त्यांनी स्वतःच १९९० साली ‘फ्रीडम इन एग्झाइल’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितला आहे. ड्रायव्हर पुढे त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही म्हणे.

हे चाललं होतं तोवर बाहेर काळ बदलला. १९५१ साली चिनी फौज ल्हासात आली आणि डिसेंबर १९५४ मध्ये चीनकडून येणारे दोन मोठे रस्ते ल्हासापर्यंत पोहोचले. तेराव्या दलाई लामांच्या मोटारींना जो रस्ता मिळाला नाही, तो आता झाला. पण तो तिबेटने बांधलेला नव्हता आणि त्यावरून आले ते परक्या लष्कराचे ट्रक.

१९५६ च्या अखेरीस बुद्ध जयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त दलाई लामा भारतात आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली होती. दलाई लामा भारतात असतानाच ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्या प्रवासातही तिबेटमधली काही वाट मोटारीने आणि शेवटची खिंड घोड्यावर, असंच त्यांना यावं लागलं.

नंतर आली १७ मार्च १९५९ ची रात्र. साध्या शिपायाचा वेश करून दलाई लामा नोरबुलिंगकातून पायी बाहेर पडले. नावेतून नदी ओलांडली, पुढे घोड्यावरून डोंगर चढले आणि ३१ मार्चला भारतात पोहोचले. त्या रात्री तिन्ही मोटारींपैकी एकही कामाला आली नाही.

मंडळी, मोटार विकत मिळते, डोंगरापलीकडून उचलूनही आणता येते. रस्ता मात्र आपल्या लोकांनी, आपल्या हातांनी आणि वेळेवर बांधावा लागतो. शाळा हाही रस्ताच आहे. ग्यांत्सेची शाळा बंद करणाऱ्यांना ते कळलं नाही. आपण आपल्या मुलामुलींची शाळा बंद पडू देऊ नये.