फ्यूज काढण्याचे साधन आणि कामगाराची सुरक्षितता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विजेच्या इतिहासात वीजनिर्मिती केंद्रे, धरणे आणि संशोधक यांच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. जळालेला फ्यूज बाहेर काढणाऱ्या हाताचा व त्या हातातील साधनाचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. प्रस्तुत लेखात या साधनाच्या विकासाचा आढावा घेतला असून, विद्युत सुरक्षिततेचा विचार प्रथम मालमत्तेसाठी आणि फार उशिरा कामगारासाठी झाला, असे प्रतिपादन केले आहे.

फ्यूजचा उगम :
४ मे १८८० रोजी थॉमस अल्वा एडिसन यांना विजेच्या दिव्यांसाठीच्या सुरक्षा वाहकाचे अमेरिकन पेटंट मिळाले. प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास बारीक तार वितळून मंडल खंडित व्हावे, ही त्यामागील कल्पना होती. तारेभोवती विद्युतरोधक आवरणही सुचविले होते. वितळलेला धातू गालिच्यावर वा फर्निचरवर पडू नये, हा त्याचा एक हेतू होता. ग्राहकाच्या दिवाणखान्याची अशी काळजी घेतली गेली. तार बदलणाऱ्याच्या हाताचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

१८९० मध्ये इंग्लंडमध्ये मॉर्डे यांनी नळीत बंदिस्त केलेल्या फ्यूजचे पेटंट घेतले. पुढे याच दिशेने वाळूने भरलेला, चिनी मातीच्या आवरणाचा एच.आर.सी. फ्यूज विकसित झाला. आपल्याकडे घरोघरी रूढ झालेल्या ‘किटकॅट’ फ्यूजमध्ये चिनी मातीची मूठ हेच काढण्याचे साधन होते. मोठ्या फ्यूजला अशी अंगभूत मूठ नसते. त्यामुळे स्वतंत्र साधनाची गरज निर्माण झाली.

धोक्याचे स्वरूप :
जळालेला फ्यूज निर्जीव असतो, हा समज घातक आहे. त्याच्या पुरवठ्याकडील टोकाला पूर्ण दाब असतो. जनित्रासारखा दुसरा स्रोत असल्यास विरुद्ध बाजूनेही वीज येऊ शकते. शिवाय प्रवाह चालू असताना फ्यूज ओढल्यास संपर्क सुटताक्षणी विद्युत आर्क निर्माण होतो. राल्फ ली यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आर्कमुळे होणाऱ्या भाजण्याचा प्रश्न ठळकपणे मांडला. तोपर्यंत विद्युत अपघात म्हणजे प्रामुख्याने ‘शॉक’ असेच मानले जात होते. रबरी हातमोजा शॉकपासून वाचवितो; आर्कच्या उष्णतेसाठी तो एकटा पुरेसा नाही.

साधनाची निवड :
साधनाची निवड फ्यूजच्या रचनेवर अवलंबून असते. नळीच्या आकाराच्या फ्यूजसाठी विद्युतरोधक फायबरचा वा नायलॉनचा चिमटा वापरतात. तो फ्यूजच्या व्यासाला जुळणारा असावा आणि त्याने मधला भागच धरावा, धातूची टोके धरू नयेत. जर्मन पद्धतीच्या, पात्यांच्या एच.आर.सी. फ्यूजला वरखाली दोन कान असतात. त्यांत अडकणारी स्वतंत्र मूठ मिळते आणि काही मुठींना मनगटापलीकडे झाकणारी चामडी बाही असते. ब्रिटिश पद्धतीचे अनेक फ्यूज बोल्टने आवळलेले असतात. तेथे कोणताही चिमटा उपयोगी नाही. पुरवठा बंद करूनच बोल्ट सोडवावे लागतात. ११ किलोव्होल्टच्या डी.ओ. फ्यूजसाठी लांब विद्युतरोधक दांडा लागतो. तेथेही भार आधी बंद करणे आवश्यक असते, कारण साधा डी.ओ. भार तोडण्यासाठी बनविलेला नसतो. साध्या पकडीवरील प्लास्टिकचे आवरण या कामासाठी विश्वसनीय नाही. १००० व्होल्टपर्यंतच्या प्रमाणित विद्युतरोधक हत्यारांवर दुहेरी त्रिकोणाची खूण असते.

कायद्याची वाटचाल :
अमेरिकेत १९९० च्या नियमांनी, टोके जिवंत असताना फ्यूज काढण्या-बसविण्यासाठी त्या दाबाला योग्य असे विद्युतरोधक साधन बंधनकारक केले. एडिसन यांच्या पेटंटनंतर तब्बल ११० वर्षांनी! भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी हातमोजे, पादत्राणे, शिरस्त्राण, लाइन टेस्टर आणि प्रमाणित हातहत्यारे पुरविण्याची तरतूद केली. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. तथापि, कागदावरील तरतूद आणि खांबावरील वायरमनचा हात यांतील अंतर साधन प्रत्यक्ष उपलब्ध झाल्यावरच मिटते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, योग्य साधनाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नाही. कामगाराच्या जिवाचे मोल समाज किती मानतो, याची ती कसोटी आहे. पुरवठा बंद करणे, तो पुन्हा सुरू होणार नाही अशी कुलूपबंद व्यवस्था करणे, टेस्टरने खात्री करणे आणि आवश्यक तेथे अर्थिंग करणे, हा क्रम प्रत्येक साधनाच्या आधी येतो. साधन हे त्यानंतरचे कवच होय. महाविद्यालयांच्या मीटररूममध्ये पॅनेलशेजारी तेथील फ्यूजला जुळणारी मूठ टांगलेली असावी आणि ते काम प्रशिक्षित व्यक्तीकडेच सोपवावे. गालिचा वाचविण्याची दृष्टी १८८० मध्येच आली होती. हात वाचविण्याची दृष्टी आपल्या आवारात तरी आता उशिरा येऊ नये.