‘धोकादायक’ श्वानजाती : एका लौकिकाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल टेरियर, रॉटवायलर आदी २३ श्वानजातींची आयात, पैदास व विक्री रोखण्याची सूचना केली. संबंधित घटकांचे म्हणणे ऐकून न घेता हा निर्णय झाला, या प्रमुख कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते पत्र रद्द ठरविले. या प्रश्नाची चर्चा सामान्यतः कायदा व प्राणिशास्त्र यांच्या अंगाने होते. तथापि, एखादी जात ‘धोकादायक’ केव्हा व कशामुळे ठरते, हा इतिहासाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या लौकिकाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

लौकिकाचे स्थलांतर

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत भीतीचा विषय होता तो ब्लडहाउंड. १७९५ मध्ये जमैकातील मरून लोकांचा उठाव मोडण्यासाठी इंग्रजांनी क्यूबाहून शिकारी कुत्रे आणविले. १८०३ मध्ये हैतीत फ्रेंचांनी तोच मार्ग अवलंबिला. अमेरिकेच्या दक्षिणेत पळालेल्या गुलामांचा माग काढण्यासाठी कुत्रे बाळगले जात. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) या कादंबरीच्या नाट्यरूपांत एलायझाच्या पाठलागासाठी रंगमंचावर खरे कुत्रे सोडले जात. मूळ कादंबरीतील त्या प्रसंगात कुत्रे नाहीत. रंगमंचावरील कुत्र्यांची जात कोणतीही असो, जाहिरातीत त्यांना ब्लडहाउंडच म्हटले जाई. आज हीच जात स्वभावाने सौम्य व माग काढण्यात तरबेज म्हणून ओळखली जाते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही भीती जर्मन शेफर्डकडे वळली. माक्स फॉन श्टेफानित्स यांनी १८९९ मध्ये संघटना स्थापून मेंढपाळांच्या या कुत्र्याला प्रमाणित रूप दिले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मनविरोधी भावनेमुळे त्याचे नाव ‘अल्सेशियन’ असे बदलण्यात आले. ऑस्ट्रेलियाने १९२९ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली. तो डिंगो या रानकुत्र्याशी संकर पावून मेंढ्यांचा काळ ठरेल, अशी भीती त्यामागे होती. ही बंदी १९७० च्या दशकात उठली. याच जातीचा रिन टिन टिन मात्र १९२० च्या दशकात अमेरिकी चित्रपटांचा लाडका नायक होता.

पिटबुलची कथा याच्या उलट दिशेने जाते. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने बैलावर कुत्रे सोडण्याच्या खेळास बंदी आली. त्यानंतर बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून निपजलेल्या कुत्र्यांच्या झुंजींना अधिक जोर आला. झुंजीचा खड्डा म्हणजे ‘पिट’. नाव त्यावरूनच पडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी भित्तिचित्रांत हाच कुत्रा राष्ट्रीय धैर्याचे प्रतीक बनला. १९८० च्या दशकात मात्र बेकायदा झुंजी व गुन्हेगारी टोळ्या यांच्याशी त्याचे नाव जोडले गेले, आणि जुलै १९८७ मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर तो सावधगिरीचा इशारा बनून झळकला.

पुराव्याचे स्वरूप

याचा अर्थ धोका काल्पनिक आहे असा नव्हे. अमेरिकेतील १९७९ ते १९९८ या काळातील श्वानदंशाच्या मृत्यूंचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. जातीची नोंद उपलब्ध असलेल्या २३८ मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक घटनांत पिटबुल वर्गातील कुत्रे किंवा रॉटवायलर होते. परंतु त्यांत किमान २५ जातींचा समावेश होता आणि कालपरत्वे आघाडीवरील जाती बदलत गेल्या. अवजड देह व बळकट जबडा यांमुळे दंशाचे परिणाम गंभीर होतात, हेही नाकारता येत नाही.

दुसरीकडे, २००७ मध्ये अमेरिकी फुटबॉलपटू मायकेल विक यांच्या मालमत्तेतून झुंजीसाठी ठेवलेले सुमारे ५० पिटबुल जप्त झाले. तज्ज्ञांच्या पाहणीनंतर त्यांतील बहुसंख्य कुत्र्यांचे पुनर्वसन होऊ शकले. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडील माहितीवर आधारलेल्या अभ्यासात वर्तनातील भिन्नतेपैकी केवळ ९ टक्के भिन्नतेचे स्पष्टीकरण जातीवरून देता आले.

यादीची मर्यादा

ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्याने पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो आर्हेंतिनो व फिला ब्राझिलेइरो या चार प्रकारांवर निर्बंध आणले. पुढे यादीत नसलेला ‘एक्सएल बुली’ लोकप्रिय झाला व त्याच्या प्राणघातक हल्ल्यांनंतर २०२३ च्या अखेरीस त्यासही यादीत घालावे लागले. बत्तीस वर्षांनी कायदा पुन्हा त्याच वळणावर आला. एका नावावर बंदी आली की दांडगा कुत्रा बाळगण्याची हौस दुसरे नाव शोधते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की कुत्र्याची शारीरिक क्षमता व काही अंशी त्याचा कल जातीतून येतो. त्याचा लौकिक मात्र माणसाने त्याला जुंपलेल्या कामातून घडतो. गुलामांचा पाठलाग, युद्ध, झुंज आणि टोळीचा धाक ही ती कामे होत. म्हणून यादी करताना माणसाच्या वर्तनाचीही दखल घेणे अगत्याचे आहे. आपल्याकडे करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजविण्यास १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. पाळीव प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या तरतुदींची काटेकोर अंमलबजावणी, पैदास व विक्रीवर देखरेख आणि बलदंड कुत्रे बाळगणाऱ्यांवर अधिक जबाबदारी हा मार्ग अधिक न्याय्य ठरेल. दंशाने जखमी झालेल्या बालकाला कुत्र्याची जात कोणती होती याने फरक पडत नाही. तो कुत्रा मोकळा कोणी सोडला, हाच कायद्यापुढचा पहिला प्रश्न असला पाहिजे.